हॅरी पॉटर कितव्या वर्षी द्यावं?

सुट्टी लागली की हा प्रश्न हमखास येतो. माझा उलट प्रश्न ठरलेला: कितवा भाग?

पहिल्या भागात हॅरी ११ वर्षांचा होतो, सातव्यात १७ चा. मालिकाही (१९९७ ते २००७) त्याच्याबरोबर वयात येते. ब्रिटिश आवृत्तीत पहिला भाग सव्वादोनशे पानांच्या आत, पाचवा साडेसातशेच्या वर! वाचायची गोडी लागलेलं आठ-नऊ वर्षांचं मूल पहिले दोन आरामात फस्त करतं. तिसऱ्यात माणसातला आनंद शोषून घेणारे डिमेंटर येतात. अंधाराला बिचकणारं मूल असेल तर तो दिवसाउजेडी वाचू द्या.

खरी मेख चौथ्यात. पुस्तकभर ड्रॅगन, स्पर्धा, नाचाचा समारंभ, सगळी धमाल. आणि शेवटी स्मशानात एक शाळकरी मुलगा क्षणात मारला जातो. लगेच पुढे एक जण स्वतःचा हात तोडून कढईत टाकतो. (नावं सांगत नाही, न वाचलेले मला सोडणार नाहीत.) म्हणून चौथ्यापासून पुढे अकरा-बारा, असं माझं मत. पाचव्यात तर शिक्षा म्हणून दिलेली लेखणी हॅरीच्याच हातावर अक्षरं कोरते. त्यापेक्षाही, त्याची सततची चिडचिड नऊ वर्षांच्या वाचकाला कळत नाही, तो सरळ कंटाळतो.

मूल घाईला आलंय आणि तुम्ही साशंक आहात? चौथ्यातलं ते स्मशान आधी स्वतः वाचा, आणि तिथवर पोचल्यावर त्याच्या शेजारी बसा.