नाण्यावरचे साल आणि नाण्याचे साल

मोगल बादशहा दुसरा शाह आलम १८०६ साली दिल्लीत निवर्तला. परंतु त्याच्या नावाचे रुपये त्यानंतरही जवळजवळ तीस वर्षे, आणि तेही ज्या इंग्रजांच्या तैनातीवर त्याचे अखेरचे दिवस गेले त्यांच्याच टांकसाळींतून, अव्याहत पडत राहिले. कलकत्त्यास पाडलेल्या अशा रुपयावर टांकसाळ मुर्शिदाबादची लिहिलेली असते आणि सन असतो बादशहाच्या कारकीर्दीचा एकोणिसावा, म्हणजे इसवी सन १७७७-७८ चा. नाण्याने स्वमुखाने दिलेली साक्षच अशी अविश्वसनीय ठरल्यावर संग्राहकाने ते कोणत्या खणात ठेवावे?

ईस्ट इंडिया कंपनीने हे निव्वळ लबाडीने केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बंगालमधील सराफ नव्या सिक्क्याला पुरी किंमत देत, पण काही वर्षे उलटली की, चांदी तीच आणि वजन तेच असूनही, त्यावर बट्टा कापीत. त्यामुळे सारा भरणारी रयत नाडली जाई आणि वसुलीचे हिशेब कधी सरळ लागत नसत. तेव्हा सनच थांबवला म्हणजे रुपया जुना होणार नाही आणि बट्ट्याला निमित्त उरणार नाही, असा हा विचार होता. १७९३ च्या पस्तिसाव्या रेग्युलेशनाने एकोणीस सनाचा सिक्का प्रमाण म्हणून कायम केला. उपाय मार्मिक खरा. मात्र सराफाची अडचण मिटवताना त्याने पुढच्या पिढ्यांतील नाणेसंग्राहकांची अडचण निर्माण केली.

म्हणून जाणता संग्राहक असा रुपया हाती आला की मजकूर वाचण्यापूर्वी तो आडवा धरून त्याची कड पाहतो. कडेवरच्या रेघा तिरप्या असल्या तर नाणे स्थूलमानाने १८१८ पूर्वीचे. त्या उभ्या असल्या तर त्यानंतरच्या दशकातले. आणि कड साफ, गुळगुळीत असली तर १८३० च्या पुढचे. सुरती रुपयाची गोष्ट याहून विलक्षण आहे. १८०० साली सुरतेचा कारभार कंपनीच्या ताब्यात आला, आणि पुढे मुंबईतही पाडल्या गेलेल्या या रुपयावर हिजरी १२१५ आणि कारकीर्दीचे शेहेचाळिसावे वर्ष अशी दोन साले गोठून राहिली. वस्तुतः १२१५ हे त्या बादशहाचे त्रेचाळिसावे वर्ष, तेव्हा ही दोन साले एकमेकांशीही जुळत नाहीत! येथे निर्णय करावा लागतो तो बारीकशा मुकुटचिन्हावरून, कडेवरून, आणि ठसा हातोड्याचा की वाफेच्या यंत्राचा एवढ्यावरून.

मुंबईच्या तांब्याच्या पैशाचे वर्गीकरण त्यामानाने सोपे. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथे मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यात १७९१ साली घडवलेल्या या पैशावर एका बाजूस कंपनीचे व्यापारी गाठोड्यांवरचे चिन्ह, दुसऱ्या बाजूस तराजू आणि त्याखाली फारसीत ‘अदल’ अशी अक्षरे असून साल इसवी आहे आणि खरे आहे. १८३५ च्या सतराव्या कायद्याने सर्व इलाख्यांसाठी १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरवला, चौथ्या विल्यमचा मुखवटा आला, आणि शाह आलमची सुटका झाली.

वाटावे की येथून पुढे कष्ट संपले. परंतु व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ सालच्या रुपयाने पुन्हा जुनीच खोड काढली. हे साल ठशावर पुढील बारा वर्षे तसेच राहिले, आणि मुंबईच्या टांकसाळीने वर्ष बदलण्याऐवजी टिंबे वाढवीत नेली, असा मेजर फ्रेड प्रिडमोर यांनी मांडलेला निष्कर्ष आज सर्वमान्य आहे. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या नाण्यांवरील त्यांच्या ग्रंथमालेतील भारतविषयक भाग हा संग्राहकांचा दफ्तरखाना. त्यातला क्रमांक सांगितला की मुंबईचा आणि लंडनचा संग्राहक एकाच नाण्याविषयी बोलत आहेत अशी खात्री पटते. भिंगाखाली टिंबे मोजणे हा काहींना पोरखेळ वाटेल. मला तो वाटत नाही, कारण त्या टिंबांवाचून बारा वर्षांचे चलन एकाच सालाच्या माथी मारले जाते.

सूचीकारांशी माझा मतभेद आहे तो वेगळ्या बाबतीत. १८९३ साली भारतीय टांकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या, आणि १८९५ पासून मुंबईत पूर्वेकडील व्यापारासाठी ब्रिटिश डॉलर पाडला जाऊ लागला. त्यावर त्रिशूळधारिणी ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूस चिनी व मलायी अक्षरांत मूल्य, आणि त्रिशूळाच्या मधल्या दातावर मुंबईचा सूक्ष्म ‘बी’. हाँगकाँग आणि दक्षिण चीनमधील सराफ असे डॉलर पारखून त्यांवर आपली मुद्रा ठोकीत. सूचीत या मुद्रा दोष म्हणून गणल्या जातात व किंमत उतरते. मला तर कोरा डॉलर हा पेटीत पडून राहिलेला डॉलर वाटतो, आणि मुद्रांनी भरलेला डॉलर हिंडलेला.

आपल्याकडचा अंकुशी रुपया याहून अवघड प्रश्न उभा करतो. पेशवाईत पुण्यास पडणारा हा अंकुशाच्या चिन्हाचा रुपया कंपनीने १८१८ नंतरही बंद न करता तसाच चालू ठेवला. अंकुश तोच, पुणे तेच. फरक काय तो फसली सनात. त्यात ५९० मिळवून इसवी साल काढावे: १२२७ च्या अलीकडचा पेशव्यांचा, १२३० च्या पुढचा कंपनीचा. पण ठसा चांदीच्या चकतीहून मोठा असल्याने सन पुष्कळदा कडेबाहेरच गेलेला असतो. मग तो रुपया मराठ्यांच्या खणात घालायचा की मुंबई इलाख्याच्या, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहते, आणि माझ्या पाहण्यातले बहुतेक मराठी संग्राहक तो मराठ्यांच्याच खणात घालतात.