रॅपगीतें आणि त्यांचे श्रोते

अलीकडे ठाणें, कल्याण, डोंबिवली ह्या गांवांतील विद्यार्थ्यांच्या बोलण्यांत एक नवा विषय वारंवार ऐकूं येतो. दोघां-चौघां रॅप गाणारांनीं मिळून एखादा अल्बम प्रसिद्ध केला कीं, दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत त्यावर वाद जुंपतो. कोणाचें कडवें सरस, कोणाची लय चुकली, कोणीं आपला जुना बाणा सोडला आणि कोणीं राखला, ह्याविषयीं मुलें इतक्या तळमळीनें बोलतात कीं, वडील माणसांस नवल वाटतें. 'हा कसला गोंगाट!' असें म्हणून पुष्कळ पालक हा विषय झटकून टाकतात. परंतु जी गोष्ट आपलीं मुलें मनापासून ऐकतात, ती मुळांत काय आहे, कोठून आली आणि तिची पारख कशी करावी, हें समजून घेणें शिक्षकांचें व पालकांचें कर्तव्य होय. म्हणून त्या विषयाची थोडीशी ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रॅप हें हिप-हॉप नांवाच्या एका मोठ्या कलासमूहाचें एक अंग आहे. तबकड्या फिरवून ताल सांभाळणें, त्या तालावर यमकबद्ध शब्द बोलणें, जमिनीवर गिरक्या घेत करावयाचें नृत्य आणि भिंतीवर काढावयाचीं रंगीत अक्षरचित्रें, अशीं ह्या कलेचीं चार अंगें मानतात. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स ह्या गरीब वस्तींत 11 ऑगस्ट 1973 रोजीं एका बहीणभावांनीं एक मेळावा भरविला होता. शाळा पुनः सुरू होण्यापूर्वीं नव्या कपड्यांपुरते पैसे जमवावे, हा बहिणीचा हेतु. भाऊ क्लाइव्ह कँबेल हा मूळचा जमेका बेटांतला. लोक त्याला डीजे कूल हर्क म्हणत. गाणें थांबून नुसतीं तालवाद्यें वाजूं लागलीं कीं नाचणारांस अधिक उत्साह येतो, हें त्याच्या ध्यानीं आलें. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीनें लावून तेवढाच भाग तो लांबवूं लागला. त्या लांबविलेल्या तालावर कोणी तरी बोलूं लागलें, बोलण्याला यमक जडलें, आणि हळूहळू ही कला जगभर पसरली. पुढें 2018 सालीं केंड्रिक लमार ह्या रॅपकवीला संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें.

मुंबईंत ही कला प्रथम इंग्रजी शब्दांतच वावरत होती. तिला आपल्या गल्लीची भाषा सांपडली, तेव्हां ती खरी रुजली. कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ नेझी ह्याचें 'आफत' हें गीत 2014 सालचें. त्यानें व अंधेरीच्या व्हिव्हियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइन ह्यानें मिळून केलेलें 'मेरे गली में' हें गीत 2015 सालीं आलें, आणि 2019 सालीं 'गली बॉय' ह्या चित्रपटानें हा सारा प्रवाह घरोघरीं नेला. आमच्या वाचकांस अभिमान वाटेल अशी गोष्ट ही कीं, ह्या कलेंत नांव मिळविणाऱ्या मोजक्या स्त्रियांपैकीं दीपा उन्नीकृष्णन ऊर्फ डी एमसी ही कल्याणांत वाढलेली आहे.

ह्या कलेंतील एका शाखेला 'अंडरग्राउंड' म्हणतात. ह्या शब्दाचें 'भूमिगत' असें भाषांतर केलें तर मराठी माणसाला 1942 ची चळवळ आठवेल. येथें अर्थ तितका गंभीर नाहीं. मोठ्या कंपन्यांचें पाठबळ न घेतां, चित्रपटाच्या आश्रयावांचून, स्वतःच्या किंवा मित्राच्या खोलींत ध्वनिमुद्रण करून जे गातात, ते अंडरग्राउंड. त्यांचीं गीतें मोबाईलवरून कानोकानीं पसरतात. जाहिरात नसल्यामुळें श्रोता हाच त्यांचा प्रचारक, टीकाकार व आश्रयदाता असतो. ह्या श्रोत्यांची आस्था इतकी कडवी कां असते, ह्याचें उत्तर येथें आहे. आपण ज्याला वर आणलें तो आपला आहे, असें त्यांना वाटतें. आणि तो मोठा झाला कीं, आपलें कांहीं हिरावलें गेलें असेंही वाटतें.

आतां रचनेकडे वळूं. रॅपगीताचा ताल चार मात्रांच्या तुकड्यांत मोजतात. अशा तुकड्याला 'बार' म्हणतात. एका गायकाच्या वांट्याला बहुधा सोळा बार, म्हणजे चौसष्ट मात्रा येतात. ताल मिनिटाला 90 मात्रांचा असेल तर हें सारें कडवें सुमारें 43 सेकंदांत संपतें. एवढ्या अवकाशांत गायकानें विषय मांडावयाचा, यमकें साधावयाचीं, श्वास राखावयाचा आणि शेवटीं ऐकणाराच्या मनावर ठसा उमटवावयाचा. अनेक गायक एकत्र येऊन अल्बम करतात तेव्हां तर कसोटी दुहेरी असते. एकाच तालावर एकामागून एक कडवीं येत असल्यामुळें तुलना अटळ होते. परंतु जो तो केवळ दुसऱ्यावर मात करूं पाहील तर गीत एकसंध राहत नाहीं. उत्तम सहयोग तो कीं, ज्यांत दुसऱ्याचें कडवें पहिल्याच्या विचाराला पुढें नेतें.

ही कसरत मराठी मनाला अगदींच परकी आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. अठराव्या शतकांतील अमृतरायाचे कटाव ज्यांनीं ऐकले आहेत, त्यांस अनुप्रास व यमकें ह्यांची धांव घेणारी रचना नवी नाहीं. पोवाडा तर डफ व तुणतुण्याच्या साथीवर घडलेली हकीकतच सांगतो. कलगीवाले व तुरेवाले ह्यांच्या फडांत सवाल-जबाब होत, एक शक्तीची थोरवी गाई तर दुसरा शिवाची, आणि श्रोत्यांतही दोन तट पडत. भीमराव कर्डक ह्यांच्यासारख्यांच्या आंबेडकरी जलशांनीं गाण्याला मानवी हक्कांचें साधन बनविलें. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर ह्या तीन शाहिरांनीं 1944 सालीं लाल बावटा कलापथक काढलें, तेंही एका अर्थानें सहयोगाचेंच काम होतें. सकाळच्या लोकलगाडींत टाळांच्या साथीनें भजनी मंडळ अभंग म्हणत असतें आणि त्याच डब्यांत दाराशीं उभा असलेला मुलगा कानांत इयरफोन घालून रॅप ऐकत असतो. दोघांसही प्रवासाचा शीण शब्द व ताल ह्यांच्याच आधारें विसरावयाचा असतो.

उदाहरणादाखल मुंबईच्या 'स्वदेसी' ह्या गटाचें काम पाहण्याजोगें आहे. ह्या गटांतील तरुण मराठी, हिंदी, गुजराती अशा निरनिराळ्या भाषांत गातात. त्यांचा 'चेतावणी' हा अल्बम 2020 सालीं प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीं 2019 सालीं त्यांनीं आरे वनांतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर ह्यांच्या साथीनें 'वारली रिव्होल्ट' हें गीत केलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत आरेमधील दोन हजारांहून अधिक झाडें मेट्रोच्या कारशेडसाठीं तोडलीं गेलीं व सर्वोच्च न्यायालयानें पुढील तोडीस मनाई केली. ह्या गीताचें नांव ऐकून ठाण्याच्या विद्यार्थ्यानें थोडें थांबावें. 1945 सालीं डहाणू, तलासरी, उंबरगांव ह्या भागांतील वारल्यांनीं वेठबिगारीविरुद्ध उठाव केला, तेव्हां तो मुलूख ठाणें जिल्ह्यांतच होता. पालघर हा वेगळा जिल्हा 2014 सालीं झाला. गोदावरी परुळेकर ह्यांनीं 'जेव्हां माणूस जागा होतो' ह्या ग्रंथांत तो इतिहास लिहून ठेविला आहे. त्याच इतिहासाची हांक रॅपच्या तालावर पुनः आलेली आहे. जो मुलगा हें गीत ऐकून त्या ग्रंथापर्यंत पोंचेल, त्याचें ऐकणें सार्थकीं लागलें असें आम्ही म्हणूं. ह्याच गटांतील धर्मेश परमार ऊर्फ एमसी तोडफोड हा गुजराती भाषेंत गात असे. मार्च 2022 मध्यें वयाच्या चोविसाव्या वर्षीं तो वारला. इतक्या अल्पायुष्यांतही मातृभाषेंत बोलण्याची लाज वाटूं नये, एवढा धडा तो श्रोत्यांस देऊन गेला.

आतां श्रोत्यांच्या प्रतिक्रियांचा विचार करूं. नवा अल्बम आला कीं, त्यांचे साधारणतः चार वर्ग दिसतात. पहिला वर्ग केवळ हारजीत मोजतो: अमक्यानें तमक्याला खाल्लें, एवढाच त्याचा निकाल. दुसरा वर्ग निष्ठावंतांचा. आवडता गायक कांहींही बोलला तरी तें थोरच. तिसरा वर्ग सोवळ्यांचा. गाणें दहा माणसांपलीकडे पोंचलें कीं, त्यांच्या मतें तें बाटलें. चौथा वर्ग लहान असतो. तो गीत दोनतीनदां ऐकतो, न समजलेला शब्द विचारतो, ताल व अर्थ ह्यांची सांगड पाहतो आणि मग 'हें कडवें मला आवडलें, कारण अमुक' असें बोलतो. पहिल्या तिघांच्या बोलण्यांत उत्साह असतो, पण 'कारण' हा शब्द नसतो. आमच्या मतें रसिकता त्या एका शब्दापासून सुरू होते. कवितेच्या तासाला आम्ही जें शिकवितों, तेंच मधल्या सुटींतल्या वादालाही लागू आहे.

ह्या गीतांवर दोन आक्षेप नेहमीं घेतले जातात. पहिला शिव्यांचा. तो खोटा नाहीं. पुष्कळ गीतांत अपशब्द केवळ यमक भरण्यासाठीं येतात, आणि स्त्रियांविषयीं हीन बोल तर कोणत्याही तालावर क्षम्य नाहींत. परंतु म्हणून सारी कलाच टाकावी काय? तमाशांतही ग्राम्यता होती. तरी त्यांतूनच राम जोशी व पठ्ठे बापूराव निपजले. दुसरा आक्षेप राजकारणाचा. 2023 सालीं राज मुंगसे ह्या मराठी रॅपगायकावर एका राजकीय गीताबद्दल येथून जवळच अंबरनाथ येथें गुन्हा नोंदला गेला, तेव्हां हा प्रश्न आपल्या दाराशीं येऊन ठेपला. तें गीत कोणास बोचलें हें येथें गौण आहे. शब्दाला किंमत द्यावी लागते, हें त्या वेळीं आमच्या मुलांस कळलें. जो बोलतो त्यानें सत्य तपासून बोलावें, आणि जो ऐकतो त्यानें न पटलेल्या शब्दाला शब्दानेंच उत्तर द्यावें, हीच सुसंस्कृत समाजाची रीति होय.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलाच्या कानांतला इयरफोन हिसकावून घेण्यापूर्वीं एकदां तें गीत त्याच्याबरोबर बसून ऐकावें. त्यांत दोष असेल तर तो दाखविण्याचा अधिकार त्यामुळेंच प्राप्त होतो. न ऐकतां केलेली निंदा मूल मनावर घेत नाहीं. आणि विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, आवडत्या गायकाचे भाट होऊं नका, जाणते श्रोते व्हा. 2010 सालीं ठाण्यास व 2017 सालीं डोंबिवलीस मराठी साहित्यसंमेलन भरलें होतें; शब्दांवर प्रेम करण्याची परंपरा ह्या गांवांस आहे. तुम्हीं ऐकलेल्या कडव्यांतील एखादें तरी वहींत उतरून घ्या, त्याचा अर्थ लावा, आणि जमल्यास आपल्या गल्लीविषयीं, आपल्या भाषेंत, सोळा ओळी स्वतः लिहून पाहा. त्या सोळा ओळींत एकही खोटा शब्द न येऊं देणें किती अवघड आहे, हें तेव्हां कळेल. आणि मग दुसऱ्याच्या ओळींचें मोल करतांना जीभ आपोआप जपून चालेल.