फोनवरचा आवाज आणि अंदाज

मागच्या हंगामात मी चिखलीच्या बाजारातून घरी फोन लावला. सोयाबीनचा भाव सांगितला आणि विचारलं, "विकू का?" पलीकडून उत्तर येईना. मी पुन्हा विचारलं, तेवढ्यात तिकडून मुलगा बोलला. दोघांचे शब्द एकमेकांत अडकले. त्याचं "नको" मला ऐकूच आलं नाही. मी माल विकून बसलो!

आवाज उशिरा का पोचतो? बघा, सुरुवातीचे मोबाइल आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजत. ते सारे आकडे साध्या रीतीने धाडले, तर सेकंदाला ६४,००० खुणा लागतात. खूण म्हणजे शून्य किंवा एक. एवढ्या खुणा हवेतून पाठवणं परवडत नाही. म्हणून अंदाज बांधतात.

समजा, भाव सोमवारी ४,०००, मंगळवारी ४,०१०, बुधवारी ४,०२० होता. गुरुवारी? तुम्ही म्हणाल, ४,०३०. निघाला ४,०३२. पलीकडच्यानेही तोच हिशेब केला असेल, तर "दोन जास्त" एवढंच कळवायचं.

आवाजाचं तसंच आहे. "आ" म्हणून पाहा. तोंडाचा आकार चटकन बदलत नाही. म्हणून मागचे आकडे ठरावीक पटीने गुणून बेरीज केली, की पुढचा आकडा जवळपास मिळतो. चुकेल तेवढंच धाडायचं. बिष्णू अटल हे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकवत होते. १९६१ साली ते अमेरिकेत गेले व तिथे त्यांनी ही रीत घडवली. त्याच सुमारास जपानातही हे काम चाललं होतं.

पण त्या पटी ठरवायला आधी थोडा आवाज साठवावा लागतो. पहिल्या जीएसएम मोबाइलमध्ये सेकंदाच्या ५० व्या भागाचा गठ्ठा बांधत. खुणा १३,००० वर आल्या, पण गठ्ठा भरेपर्यंत थांबणं आलं. आपली काळीपिवळी जीप भरल्याशिवाय सुटते का? एक गठ्ठा म्हणजे पापणी लवण्याइतकाही वेळ नाही. तरी वाटेत टॉवर, तारा, पुन्हा टॉवर. थांबा वाढत जातो.

१९९२ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आणखी एक रीत मान्य केली. तिच्यात पटी पाठवतच नाहीत. आधी पोचलेल्या आवाजावरून दोन्ही टोकं त्या स्वतःच काढतात. मागचे ५० आकडे बघायचे, नवे ५ जमले की लगेच रवाना करायचे. जीप पाच माणसांवर सुटली म्हणा ना! खुणा १६,००० लागतात, पण गठ्ठ्यासाठीचा थांबा सेकंदाच्या १,६०० व्या भागावर येतो.

खूप उंचावरच्या उपग्रहावरून बोलताना मात्र हा उपाय फारसा चालत नाही. तो ३६,००० किलोमीटर उंच. वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो.

आता मी बाजारातून काही विचारलं, की मनात दोन अंक मोजतो आणि मुलाचं बोलणं पुरतं ऐकून घेतो.