अश्महत्यारांची ओळख
अश्महत्यारांची ओळख : प्रागैतिहासिक मानवाने घडविलेले दगडी हत्यार आणि निसर्गतः फुटलेला दगड यांतील भेद ठरविण्याची पद्धती. नांगरट, विहिरीची खोदाई किंवा नदीकाठची ढासळलेली दरड यांमुळे असे दगड अवचित हाती लागतात. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळील पल्लावरम येथे खडीच्या खड्ड्यात एक घडीव दगड मिळाला. भारतीय प्रागितिहासाच्या अभ्यासाचा तो आरंभ मानतात.

आकार हा ओळखीचा सर्वांत दुबळा पुरावा होय. दगड टोकदार आहे किंवा मुठीत नीट बसतो, एवढ्यावरून तो हत्यार ठरत नाही. सूक्ष्मकणी दगडावर आघात केला असता निघणाऱ्या छिलक्यावर आघातबिंदू, त्याखाली लहानसा फुगवटा व पुढे पसरत गेलेली वलये दिसतात. उरलेल्या गाभ्यावर त्यांचे खोलगट व्रण राहतात. अकीक, जॅस्पर यांसारख्या दगडांवर ही चिन्हे स्पष्ट असतात. दख्खनच्या बेसाल्टवर मात्र अपक्षयामुळे ती पुष्कळदा पुसट होतात व जाणकारही फसतो. शिवाय रस्त्यासाठी फोडलेल्या खडीवरही ती आढळतात. मात्र तिचे व्रण ताजे असून त्यांवर काळाचे पुट चढलेले नसते. म्हणून धार साधण्यासाठी एका किंवा दोन्ही बाजूंनी ओळीने छिलके काढलेले असणे, म्हणजे व्रणांतील हेतुपूर्ण क्रम, हीच खरी खूण.

ही सावधगिरी अनुभवाने आली आहे. इंग्लंडमधील केंट परगण्यात बेंजामिन हॅरिसन यांनी जमविलेले चकमकीचे ओबडधोबड दगड (इओलिथ) कित्येक विद्वानांनी आद्य हत्यारे म्हणून स्वीकारले होते. १९०५ मध्ये मार्सेलां बूल यांनी फ्रान्समधील मांत शहराजवळच्या सिमेंट कारखान्यात, खडू कालविण्याच्या यंत्रातून निघालेल्या दगडांना तशाच कडा पडतात, हे दाखविले. वाद त्यानंतरही काही वर्षे चाललाच.

दगडाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व तो सापडलेल्या जागेला असते. प्रवरेकाठी नेवासे येथे हातकुऱ्हाडी खालच्या खडीथरात, तर तासण्यांसारखी छिलका-हत्यारे वरच्या थरात मिळाली. कोणी ती सारी एका पोत्यात गोळा केली असती, तर पुराणाश्मयुगातील दोन अवस्थांचा हा क्रम कळलाच नसता. तमिळनाडूतील अत्तिरंपाक्कम येथील हत्यारांचे सु. १५ लक्ष वर्षे हे वय २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी गाळाचे पुराचुंबकत्व आणि खोल थरांत गाडलेल्या हत्यारांतील समस्थानिके तपासण्यात आली. शेतातून उचललेल्या सुट्या दगडाचे वय अशा रीतीने काढता येत नाही.

यास्तव दरडीत रुतलेला दगड उपसू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून जागेवरच त्याचे छायाचित्र घ्यावे व राज्य पुरातत्त्व विभागास कळवावे. दगड आधीच उचललेला असल्यास ठिकाण, खोली व दिनांक लिहून चिठ्ठी त्याच्यासोबत ठेवावी. तो घासून धुऊ नये आणि धार पाहण्यासाठी त्याने काही कापू नये; सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या प्राचीन वापराच्या खुणा त्यामुळे नष्ट होतात.