मुलाखतीत 'येस' म्हणायचं की 'नो'? इंग्रजी बोलताना आपली गाडी अडते ती इथं

समजा, फोनवर नोकरीची मुलाखत सुरू आहे. समोरून प्रश्न येतो, "सो, यू डोन्ट हॅव एनी एक्सपिरियन्स?" म्हणजे, तुम्हाला अनुभव काहीच नाही तर? मुलगा नुकताच आयटीआय झालाय, अनुभव खरंच नाही. तो प्रामाणिकपणे सांगतो, "येस सर." त्याच्या मनात असतं, "हो, नाहीये." पण इंग्रजीच्या हिशेबानं तो म्हणाला, "आहे ना!" समोरचा विचारतो, मग किती वर्षांचा? झाला घोळ.

यात इंग्रजी कच्चं असण्याचा प्रश्नच नाही. आपलं 'हो' समोरच्या माणसाला असतं, तुमचं म्हणणं बरोबर आहे असं सांगणारं. इंग्रजीतलं 'येस' आणि 'नो' मात्र गोष्टीला असतं. गोष्ट आहे तर येस, नाही तर नो, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. त्यामुळं इथं उत्तर "नो सर, आय डोन्ट" असं हवं. सोपी खूण अशी, की तुमच्या पुढच्या वाक्यात 'नॉट' येणार असेल तर सुरुवातही 'नो'नंच करायची. कस्टमर केअरवाल्यानं "यू डिडन्ट रिसीव्ह द मनी?" असं विचारलं आणि पैसे आलेले नसतील, तर "नो, आय डिडन्ट." तिथं सवयीनं 'येस' निघून गेलं आणि त्यानं पैसे मिळाले असं लिहून घेतलं, तर पुन्हा हेलपाटा आपल्यालाच.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीची पिढी पाचवीत एबीसीडी गिरवायला लागली. पण दोन्ही पिढ्यांच्या चुका बऱ्याचशा सारख्याच आहेत, कारण त्या शाळेतून कमी आणि मराठीतून जास्त येतात. डोक्यात मराठी वाक्य तयार होतं आणि आपण त्याला इंग्रजी शब्द चढवतो.

'पासून'चंच बघा. "मी दोन वर्षांपासून इथं काम करतोय" आणि "मी २०२२ पासून इथं काम करतोय", दोन्हीकडं आपल्याला एकच 'पासून' पुरतो. इंग्रजीत इथं दोन शब्द लागतात. काम कधी सुरू झालं ते सांगायचं असेल, म्हणजे साल, महिना, वार, तर 'सिन्स'. किती काळ झाला ते मोजायचं असेल तर 'फॉर'. म्हणून 'सिन्स टू इयर्स' चुकीचं, 'फॉर टू इयर्स' बरोबर. पूर्ण वाक्य असं, "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स." आपण 'आय अ‍ॅम वर्किंग' म्हणतो, कारण 'करतोय' म्हणजे आत्ता चालू आहे ना! पण मागं सुरू होऊन अजून चालू असलेल्या कामाला इंग्रजीत 'हॅव बीन' लागतं. मुलाखतीत हे वाक्य हमखास येतं, तेवढं एक पाठच करून टाका.

'डिड यू वेंट' हीसुद्धा तशीच चूक. "गेलास का?" यात भूतकाळ क्रियापदातच असतो. इंग्रजी प्रश्नात तो 'डिड'नं आधीच उचललेला असतो, मग 'गो'नं पुन्हा उचलायची गरज नाही. "डिड यू गो?" एक ओझं, एक हमाल.

आता एक प्रश्न, जो विचारायला अनेकांना संकोच वाटतो. साहेबाला आणि लहान पोराला दोघांनाही 'यू'च? इंग्रजीत अहो-जाहो नाहीच का?

यातली गंमत अशी, की इंग्रजीतून 'तुम्ही' गेलेलं नाही, 'तू' गेलंय. जुन्या इंग्रजीत एकाला 'दाऊ' म्हणत, आणि अनेकांना किंवा मान द्यायच्या माणसाला 'यू'. हळूहळू सगळेच सगळ्यांना 'यू' म्हणायला लागले आणि 'दाऊ' बोलण्यातून जवळजवळ संपलं. म्हणून तर समोर माणूस एकटा असला तरी आजही 'यू आर' म्हणतात, 'यू इज' नाही. थोडक्यात, इंग्रजीत कुत्र्यालासुद्धा 'तुम्ही'! तेव्हा साहेबाला 'यू' म्हणताना जीभ अडखळायचं कारण नाही. "बाबा आलेत" यातलं अनेकवचन मात्र तिकडं नेता येत नाही. वडिलांबद्दल बोलतानाही 'ही'च, 'दे' म्हटलं तर बरेच जण आले असं वाटेल.

मग आदर दाखवायचा कुठं? इथं आपण फसतो. "पाणी द्या" यातल्या 'द्या'मध्येच मान आहे, त्यामुळं वेगळं 'कृपया' आपण बोलण्यात क्वचितच लावतो. त्याचं सरळ "गिव्ह मी वॉटर" केलं, की ऐकणाऱ्याला ते "पाणी दे रे" असं वाटतं. आपला हेतू चांगला, पण माणूस उद्धट ठरतो. "कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?" असं म्हणायचं.

उच्चारात सगळ्यात जास्त नडतो तो 'व'. आपल्याकडं व एकच, त्यांच्याकडं दोन. 'व्होट', 'व्हॅन' यांच्यात वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकवायचे. 'वॉटर', 'वाइफ' यांच्यात दात लावायचेच नाहीत, शिट्टी मारताना करतो तसे ओठ गोल करायचे. बनियानला इंग्रजीत 'वेस्ट' आणि पश्चिमेलाही 'वेस्ट', पण पहिल्यात दात, दुसऱ्यात ओठ. आपली लिहायची पद्धतही इथं दगा देते. 'व्हॅन' दातांचा आणि 'व्हॉट्सअ‍ॅप' ओठांचा, तरी दोन्हीकडं आपण 'व्ह'च लिहितो. म्हणून देवनागरीत लिहिलेलं बघून उच्चार ठरवू नका, स्पेलिंग बघा.

आता स्पेलिंगचं म्हणाल, तर तिथं वैतागायला जागा आहे. 'नाइफ'च्या सुरुवातीला 'के' कशाला? तर पूर्वी तो खरंच उच्चारत. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये छापखाना आणला. पुढं छापील स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, पण उच्चार बदलतच राहिले. 'डाउट'मधला 'बी' तर कधी उच्चारतच नव्हते. मूळ लॅटिन शब्दात तो आहे म्हणून विद्वानांनी मागाहून घुसवला. त्यामुळं पोरगं 'बी' विसरलं तर फार रागावू नका.

'अ' की 'अ‍ॅन' हेसुद्धा स्पेलिंगवर नाही, कानावर ठरतं. 'अ युनिव्हर्सिटी', कारण सुरुवात 'य'नं होते. पण 'अ‍ॅन एमएलए', कारण तोंडात पहिला 'ए' येतो.

राहिलं 'पास आउट'. "आय पास्ड आउट इन २०१९" हे आपल्या देशात सगळ्यांना कळतं, त्याला चूक म्हणायचं कारण नाही. पण परदेशातल्या माणसाला ते "मी २०१९ मध्ये बेशुद्ध पडलो" असं ऐकू येईल. आखातात किंवा आणखी कुठं अर्ज करणाऱ्यांनी पदवी असेल तर "आय ग्रॅज्युएटेड" आणि आयटीआय असेल तर "आय फिनिश्ड आयटीआय" म्हणावं.

आणि समोरचा भरभर बोलला, काही कळलंच नाही, तर? घाबरून "येस, येस" करू नका. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?" असं सरळ विचारा. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, तेही फोनवर हेच विचारतात.