नाव शिराजचे, मूळ डोंगराचे

गझल वाचणाऱ्याला शराब प्यावी लागत नाही. ती शब्दांतूनच पुरेशी भेटते. मीही पीत नाही. पण ज्या वस्तूवर फारसी-उर्दू कविता इतकी शतके पोसली गेली, ती कोण करते, कुठल्या मातीत करते, याचे कुतूहल मला नेहमीच वाटत आले. म्हणून आज एका डोंगराची आणि त्यावर राबणाऱ्या एका घराण्याची हकिगत सांगतो.

फ्रान्सच्या आग्नेय भागात ऱ्होन नदीच्या काठी तँ-लेर्मिताज नावाचे गाव आहे. त्याच्या डोक्यावर एर्मिताजचा डोंगर. एर्मिताज म्हणजे संन्याशाची कुटी. युद्धाला विटलेला एक सरदार १२२४ साली इथे एकांतात येऊन राहिला, अशी कथा सांगतात. इथला सगळा द्राक्षमळा दीडशे हेक्टरांहूनही कमी. नदीपलीकडच्या मोव्ह गावात शाव घराणे राहते. १४८१ पासून बापाकडून मुलाकडे हाच व्यवसाय चालत आला आहे, आणि ते साल त्यांच्या बाटलीच्या चिठ्ठीवर छापलेले असते.

डोंगरच कशाला, सपाट जमीन का नको? उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन सरळ अंगावर येते. पाणी साचत नाही, म्हणून वेलीला मुळे खोल न्यावी लागतात. दगड दिवसभर तापतात आणि रात्री ऊब देतात. पण याची किंमत मोजावी लागते. चढ इतका उभा की ट्रॅक्टर बहुतेक ठिकाणी चालत नाही. जोराचा उत्तरी वारा वेली मोडतो, म्हणून त्या खुंटांना बांधतात. पावसाने माती वाहून खाली येते. ती पाठीवरून पुन्हा वर न्यायची आणि दगडी बांध पुन्हा रचायचे, हे काम इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. कोकणात किंवा सह्याद्रीच्या उतारावर ताली घालणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

या डोंगरावर लाल वाइनसाठी लावतात ती सिरा नावाची काळी द्राक्षे. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा फिकाच असतो, रंग असतो तो सालीत. म्हणून रस सालींसकट आंबवतात. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते, आणि रंग व तुरटपणा सालीतून उतरतो. शाव मंडळी प्रत्येक तुकड्यातली वाइन वेगळी ठेवतात. बेसारच्या ग्रॅनाइटवरची ताठ कण्याची, मेआलच्या गोट्यांवरची उबदार. पिंपांत मुरल्यावर चाखून त्यांचे मिश्रण ठरवायचे. कोणत्या वर्षी कोणता तुकडा किती, हे कागदावर लिहून ठेवता येत नाही. ते जिभेवर आणि आठवणीत असते. म्हणून तर घराणे लागते.

आता नावाची गंमत पाहा. हेच द्राक्ष ऑस्ट्रेलियात ‘शिराझ’ झाले. आपल्या नाशिक-दिंडोरीकडेही ते त्याच नावाने लावतात. शिराज म्हणजे इराणातले हाफिजचे शहर! मग कुणीतरी कथा जोडली, की त्या सरदारानेच ही वेल पूर्वेकडून आणली. कवीला आवडावी अशीच कथा. पण १९९८ मध्ये कॅलिफोर्निया आणि माँपेलिए इथल्या संशोधकांनी डीएनए तपासला. आई माँदज ब्लाँश, बाप द्युरेझा. दोन्ही जाती त्याच मुलुखाच्या आसपासच्या. वेल तिथलीच निघाली, नाव तेवढे दूरचे चिकटले होते.

हे वाचले आणि मी थांबलो. काव्यवाचनानंतर कुणीतरी प्रेमाने विचारतेच, “तुमचे मराठी इतके चांगले कसे?” नाव फारसी वळणाचे, म्हणजे माणूस बाहेरचा, असा हिशेब त्यामागे असतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. माझे उत्तर सोपे आहे. आईने अंगाई ज्या भाषेत म्हटली, तीच ही भाषा.

मात्र ‘अस्सल इथलेच’ म्हणून छाती फुगवण्याचेही कारण नाही. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने फ्रान्सचे मळे उजाड केले. तेव्हा अमेरिकी खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करून ते वाचवले. आपल्याकडचे बागायतदारही डॉगरिज या अमेरिकी खुंटावरच कलम बांधतात. वेल एकीकडची आणि मुळे दुसरीकडची असली, तरी द्राक्ष लागते ते त्या मातीचेच.

शेवटी वासाविषयी. सिराच्या वाइनला काळ्या मिरीचा गंध येतो असे जाणकार पूर्वीपासून म्हणत. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याचे कारण दाखवून दिले. रोटन्डोन नावाचे द्रव्य वाइनमध्ये आहे आणि मिरीतही. हे द्रव्य आधी सापडले होते नागरमोथ्याच्या गाठींत आणि नावही त्यावरूनच पडले. नागरमोथा म्हणजे आपल्या दिवाळीच्या उटण्यातला! तेव्हा ज्यांनी पेला कधी हाती घेतला नाही, त्यांनीही एर्मिताजच्या डोंगराचा एक धागा अभ्यंगस्नानाच्या पहाटे हुंगलेला आहे.