लेबलावरचे नाव, रेकॉर्डमधला गळा

जुनी रेकॉर्ड हाती आली की जाणकार संग्राहक नुसत्या लेबलावर विसंबत नाही. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक तो उजेडात तिरका धरून वाचतो. त्यावरून मूळ ध्वनिमुद्रण ओळखता येते.

गळा कोणाचा, हे मात्र वेगळे शोधावे लागते. बंगालात मुन्शी महंमद कासिम यांनी ‘के. मल्लिक’ या नावाने कालीमातेची गाणी गायिली. धीरेन दास यांनी ‘गनी मियाँ’ होऊन इस्लामी गाणी. रेकॉर्ड खपावी म्हणून नाव बदलत असे. 1932 मध्ये आलेले काझी नजरुल इस्लाम यांचे रमजान-ईदचे गाणे मात्र अब्बासुद्दीन यांनी स्वतःच्याच नावाने गायिले. ईदला ते बंगालात आजही घरोघरी वाजते.

तेव्हा माळ्यावरच्या रेकॉर्डी भंगारात देण्याआधी एकदा नीट पाहा, जमल्यास ऐकाही.